भावाचा बॉक्स मॉड उघडून नीट केला, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, मी स्वतः व्हेप ओढत नाही, त्यामुळे फ्लेवर कसा येतो, धूर किती दाट निघतो वगैरे माझ्याकडून नीट कळणार नाही, त्यातलं भावाने सांगितलं तेवढंच लिहीन. माझा विषय वेगळाय. बिघडल्यावर ही वस्तू उघडता येते का, आत काय माल टाकलाय आणि घरच्या टेबलावर बसून ती पहिल्यापेक्षा चांगली करता येते का, एवढंच मी बघितलंय, पण ते दोन रविवार आणि मधल्या तीन-चार रात्री घालून बघितलंय.

वस्तू म्हणजे एका १८६५० सेलवर (परत चार्ज होणाऱ्या नळीसारख्या लिथियम बॅटरीवर) चालणारा बॉक्स मॉड, म्हणजे व्हेपचा बॅटरी आणि सर्किटवाला डबा, आणि वर लिक्विड भरायचा रीबिल्डेबल टँक, म्हणजे तयार कॉइल (लिक्विड तापवणारी तार) घालायची नाही, तार गुंडाळून कापूस ओवून आपणच बांधायची. कंपनीचं नाव देत नाहीये, एका पीसवरून अख्ख्या कंपनीला नावं ठेवणं मला पटत नाही.

भावाची सिगरेट सुटली ती यामुळे. सुरुवातीला १२ मिलिग्रॅम निकोटीनचं लिक्विड होतं, दीड वर्षात तो ६ वर आला. व्हेप म्हणजे काही निर्मळ हवा नाही, निकोटीन ते निकोटीनच, आणि जो ओढत नाही त्याने यात पडायचंच कारण नाही. पण मॉड बंद पडला की याचा हात परत सिगरेटच्या पाकिटाकडे जाईल ही धास्ती मला खरोखर असते, म्हणून त्याने "ताई, हा टाकून देऊ का? नवीन घेतो" म्हटल्यावर मी तो आधी माझ्या ताब्यात घेतला.

तक्रारी दोन होत्या. फायर बटण तीनदा दाबलं की एकदा लागायचं. आणि स्क्रीनवर कॉइलचा रेझिस्टन्स नाचायचा, आत्ता १.२ ओहम दाखवला की लगेच १.६, मग २.१, मग सरळ "चेक अ‍ॅटमायझर" (म्हणजे टँक तपासा) म्हणून गप्प. टँक दुसऱ्या मॉडवर लावून बघितला तर तिथे १.२ वर ठाम, म्हणजे कॉइल निर्दोष आणि गडबड मॉडच्या पोटात.

उघडायला घेताना पहिलं काम सेल बाहेर काढणं. हे मी दहा वेळा लिहीन. सेल आत ठेवून स्क्रू ड्रायव्हर घालायचा नाही, अगदी "फक्त बघतोय" म्हणूनसुद्धा नाही. हातात ग्लोव्हज घालायचे कारण आत लिक्विड झिरपलेलं असतं आणि निकोटीन कातडीतून शरीरात जातं. खिडकी उघडी, टेबलावर फिकट रंगाचं कापड (काळे स्क्रू काळ्या टेबलावर शोधत बसायचा कंटाळा येतो), आणि लहान मूल घरात असेल तर ते दुसऱ्या खोलीत, लिक्विडची बाटली त्याच्या हाताला लागता कामा नये.

आता या मॉडची पहिली खरी तारीफ. चार स्क्रू, चारही एकाच मापाचे, टी-६ (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे). दोन बॅटरीच्या झाकणाखाली, दोन खालच्या बाजूच्या स्टिकरखाली. स्टिकर हेअर ड्रायरने जरा गरम केला की न फाटता निघतो. गोंद नाही, क्लिपा तुटत नाहीत, पॅनल अलगद हातात येतं. ज्याने कोणी हे डिझाइन केलं त्याला माहीत होतं की कधीतरी कोणीतरी हे उघडणारे, आणि त्या माणसाला त्याने त्रास दिला नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

आतमध्ये मात्र निराशा झाली. ५१० कनेक्टर म्हणजे वरचा भाग जिथे टँक फिरवून बसवतो, ७ मिमी व्यास आणि अर्ध्या मिमीच्या पिचचे आटे, जवळपास सगळ्या मॉडना हाच असतो. त्याच्या खाली तपकिरी चिकट थर साचलेला, गुळाच्या पाकासारखा. टँक भरताना, काढताना जे थेंब सांडतात ते मधल्या पॉझिटिव्ह पिनच्या कडेने खाली उतरतात, आणि लिक्विडमधलं ग्लिसरीन-प्रॉपिलीन ग्लायकॉल दोन्ही हवेतलं पाणी ओढून घेतात, त्यामुळे ते कधी सुकत नाही, तिथेच बसून तांबं खातं. पिनच्या तारेवर हिरवट बुरशीसारखं जे दिसत होतं ते हेच.

आणि तो डाग, म्हणजे सोल्डरचा जोड. पॉझिटिव्ह तार पिनला जिथे सोल्डर केलीये तिथे भिंग धरलं तर चकचकीत उतार दिसायला हवा, पाण्याचा थेंब काचेवर पसरावा तसा. इथे राखाडी, दाणेदार गोळा नुसता बसवलेला, आणि त्याच्या भोवती केसासारखी गोल चीर. ड्राय सोल्डर, म्हणजे धातूला नीट न धरलेला जोड. चिमट्याने तार जराशी हलवली की गोळा पिनवर डुगडुगत होता. मल्टिमीटरच्या दोन्ही तारा एकमेकांना टेकवल्या तर ०.२ ओहम दाखवत होता, म्हणजे तेवढं मीटरच्या वायरचं धरून वजा करायचं, आणि पिनपासून बोर्डापर्यंत लावलं तर ०.३ पासून ०.९ पर्यंत काटा फिरतोय, तार हलेल तसा.

वाचायला हे आकडे किरकोळ वाटतात पण हिशोब करा. कॉइल १.२ ओहमची, आणि या सडक्या डागात मधेच ०.५ ओहम. करंट दोघांतून एकच जातो, म्हणजे पॉवर रेझिस्टन्सच्या प्रमाणात वाटली जाणार, १.७ पैकी ०.५, जवळजवळ तीस टक्के. भाऊ १३ वॉट लावतो त्यातले चारेक वॉट कापूस तापवायच्या ऐवजी त्या डागात जळत होते. "हल्ली मॉड वरून गरम लागतो आणि धूर पातळ येतो" असं तो महिनाभर म्हणत होता आणि मी म्हणत होते लिक्विड बदल. लिक्विडचा काही दोष नव्हता.

दुरुस्ती करताना माझ्या हातून एक चूक झाली ती सांगते कारण दुसऱ्याची वाचेल. ५१० ची बॉडी पितळेची जाड, उष्णता नुसती पिऊन टाकते. मी छोट्या टोकाचा हलका सोल्डरिंग आयर्न लावला, डाग वितळेना म्हणून जास्त वेळ धरून ठेवला, आणि पिन आणि बॉडीच्या मधला प्लास्टिकचा इन्सुलेटर मऊ पडून पिन तिरकी झाली. तो इन्सुलेटर म्हणजे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हच्या मधली एकमेव भिंत, ती वाकडी झालेली चालवून घ्यायची गोष्टच नाही. अख्खा कनेक्टर बदलला. नवीन घेताना स्प्रिंगवाल्या पिनचा आणि पीक (PEEK) नावाच्या प्लास्टिकच्या इन्सुलेटरचा घेतला, ते जास्त तापमान सोसतं. दुसऱ्या वेळी मोठा ६० वॉटचा आयर्न, छिन्नीसारखं रुंद टोक, भरपूर फ्लक्स, आणि पिन बॉडीतून बाहेर काढून वेगळी धरून डाग दिला, दोन सेकंदात सोल्डर पाण्यासारखं धावलं. म्हणजे जाड धातूला आयर्न ताकदीचा आणि वेळ कमी, उलटं नाही.

मूळची तार अगदी बारीक होती, आत तांब्याचे सात-आठ केस. तिथे १८ गेजची सिलिकॉन वायर टाकली, चार सेंटिमीटर लांबीला तिचा रेझिस्टन्स एक मिलिओहमसुद्धा भरत नाही. सगळं ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून, पूर्ण वाळवून, डागावर कन्फॉर्मल कोटिंगचा हात दिला म्हणजे पुढच्या वेळी झिरपलेलं लिक्विड थेट तांब्याला लागणार नाही. ५१० च्या भोवती आतून एक पातळ सिलिकॉनचं वॉशर बसवलं. हे वॉशर कंपनीने मुळातच द्यायला हवं होतं.

बटण सोपं. आत ६ बाय ६ मिमीचा साधा टॅक्ट स्विच, चार पाय, त्याच्या पोटात लिक्विड जाऊन चिकटलेला. तसाच नवीन लावला. आता दाबलं की टक्क आवाज येतो आणि लागतोच. बटणाच्या वरच्या टोपीला खालून खरखरीत कड होती, ती बारीक पॉलिश पेपरने घासली, त्याने स्विच तिरका दाबला जायचा थांबला.

हे होईपर्यंत भावाला हुरूप आला. "ताई, चिप काढून डायरेक्ट करता येईल का? मेकॅनिकल मॉडसारखं?" म्हणजे मधे सर्किट नाही, सेल थेट कॉइलला. मी नाही म्हटलं, आणि नुसतं नाही म्हणून सोडलं नाही, कागदावर मांडून दाखवलं. भरलेला सेल ४.२ व्होल्ट. कॉइल ०.२ ओहमची लावली तर २१ अँपिअर, ०.१ ची लावली तर ४२. सेलला हे काही कळत नाही, मागेल तेवढं देत सुटतो, आणि तापून गॅस सोडायला लागला की नळीसारख्या बंद डब्यात त्या गॅसला जायला जागा नसते. चिप असते ती कॉइल शॉर्ट असेल तर फायर करत नाही, सेल उलटा घातला तर गप्प बसते, सेल उतरला की थांबते, बटण अडकलं तर काही सेकंदांनी स्वतः बंद करते. ही चार कामं करणारा छोटासा बोर्ड काढून टाकणं ही सुधारणा नाही. मेकॅनिकल मॉड वापरणारे जाणते लोक आहेत, ते प्रत्येक कॉइल मोजून लावतात, तो त्यांचा अभ्यास. माझ्या भावाकडे साधा ओहम मीटर नाही. त्याने ऐकलं, त्याचं मला बरं वाटलं.

बॉक्सवर मोठ्या अक्षरात ८० वॉट लिहिलंय त्यावर माझा आक्षेप आहे. सेल एकच. लोडखाली तो ३.२ व्होल्टवर आला की ८० वॉटला २५ अँपिअर लागतात, चिपमधला तोटा धरला की २७-२८. चांगले प्रामाणिक १८६५० सेल २० ते २५ अँपिअर सतत देतात, सॅमसंगचा २५आर घ्या, २० अँपिअर आणि २५०० एमएएच. म्हणजे तो ८० चा आकडा गाठायचा तर सेलला त्याच्या कुवतीच्या बाहेर ओढायला लागणार. भावासारख्या १३ वॉटवाल्याला फरक पडत नाही, पण नवीन माणूस आकडा बघून मोठी कॉइल लावतो, म्हणून खटकतं. सेलवर ९९०० एमएएच असं काही छापलेलं दिसलं तर तो हातातसुद्धा घेऊ नका, त्या आकाराच्या डब्यात तेवढं मावतच नाही.

सेलचं वेष्टण हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा. १८६५० चा अख्खा पत्रा निगेटिव्ह असतो, फक्त खालचं बूड नाही, बाजू आणि अगदी वरच्या पॉझिटिव्ह टोकाभोवतीची कडसुद्धा. टोक आणि कड यांच्यात एक-दोन मिलिमीटर अंतर आणि मध्ये कागदाची पांढरी चकती. प्लास्टिकचं वेष्टण तिथे फाटलं की शॉर्ट व्हायला किल्लीचं टोक पुरतं, मॉडच्या कॉन्टॅक्टची वाकडी पट्टीसुद्धा पुरते. भावाच्या सेलवर नेमकी तिथेच नखाएवढी फाट होती, मॉडमध्ये घालता-काढताना झाकणाच्या धारेला घासून झालेली. ती धार कानशीने गोल केली आणि सेलला नवीन वेष्टण आणि नवीन चकती लावली, हेअर ड्रायरने आकसून बसते, दोन मिनिटांचं काम आहे. सुटा सेल खिशात टाकायचा नाही, प्लास्टिकच्या डबीतच. मॉडच्या तळाला जी चार छिद्रं आहेत ती शोभेची नाहीत, सेलने गॅस सोडलाच तर तो बाहेर पडायची वाट आहे, तिथे स्टिकर चिकटवू नका. भावाने चिकटवला होता. काढला.

टँकबद्दल. मशीनकाम चांगलं, आटे गुळगुळीत, कॉइल धरायचे स्क्रू तारेला कापत नाहीत. मी ०.३२ मिमीची कांथल तार (हीटरमध्ये वापरतात तसल्या मिश्रधातूची), ३ मिमीच्या दांडीवर सहा वेढे घेतले, हिशोबाने पायांसकट १.३ ओहम यायला हवा होता, आला १.२८. पहिल्यांदा कमी वॉटवर कापूस न घालता हळूच फायर करून बघायचं, कॉइल मधून लाल होऊन कडांकडे पसरली पाहिजे. माझी एका टोकाला आधी लाल होत होती, म्हणजे तिथले वेढे नीट टेकलेले नव्हते. सिरॅमिक टोकाच्या चिमट्याने अलगद दाबून, कंगव्यासारखं खरवडून सारखी केली. साधा लोखंडी चिमटा फायर चालू असताना लावायचा नाही, तो स्वतःच शॉर्ट करतो.

कापूस घालायला मला पाच वेळा लागल्या. ओवताना कॉइल हलू नये पण कापूस सरकताना किंचित अडखळावा, एवढाच घट्ट. फार दाबून भरला तर लिक्विड मध्यापर्यंत पोहोचत नाही, कोरडा कापूस जळतो आणि तापमान चढलं की ग्लिसरीन-ग्लायकॉल फुटून फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅक्रोलीन असले पदार्थ तयार होतात. भाऊ ज्याला "घशात मिरची लागली" म्हणतो तो झुरका हाच, आणि तो चालवून घ्यायचा नसतो, लगेच थांबून कापूस बदलायचा. फार सैल भरला तर खालून गळतो. शेपट्या कात्रीने तिरक्या विरळ केल्या आणि लिक्विडच्या खाचेवर नुसत्या टेकवल्या, आत कोंबल्या नाहीत, तेव्हा गळती थांबली.

टँकमध्ये एकच बदल केला. हवेचं छिद्र १ मिमीचं होतं आणि भावाला ओढताना जोर लावायला लागायचा, ते हातात धरायच्या छोट्या ड्रिलने १.२ केलं. दोन दशांशाने एवढा फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं, पण पहिल्या झुरक्यालाच त्याचा चेहरा खुलला. मोटरचं ड्रिल नका लावू, एका झटक्यात छिद्र वाकडं होतं. आणि नंतर टँक पूर्ण सुटा करून गरम पाण्याने धुवून, ब्रश फिरवून, परत धुवायचा. धातूचा कीस आत राहिला तर तो सरळ फुप्फुसात जाणारे, तिथे आळस नको.

तुलना करायची तर आधी भाऊ जे वापरून फेकायचे व्हेप आणायचा त्यांच्याशी करते. त्यातला एक मी मागे उघडला होता. उघडला म्हणजे फोडला, कारण स्क्रू एकही नाही, दोन्ही टोकं दाबून चिकटवलेली. पक्कड लावून टोपी ओढताना आतल्या सेलला पक्कड लागता लागता राहिली, आणि लिथियम सेलला भोक पडलं तर काय होतं ते माहीत असल्यामुळे माझे हात थंड पडले. परत तसला व्हेप मी उघडला नाही आणि कोणाला उघडायला सांगणार नाही. आत काय होतं, तर ५५० एमएएचचा सेल, निकोटीनने ओला कापसाचा बोळा, आणि माइकच्या कॅप्सूलसारखा दिसणारा एक गोल सेन्सर, आपण ओढलं की हवेचा दाब कमी होतो तो ओळखून सर्किट चालू करणारा. सेल शेकडो वेळा चार्ज होणाऱ्या जातीचा, आणि तो एकदा वापरून कचऱ्यात. मला याचा खरंच राग येतो. ब्रिटनने १ जून २०२५ पासून असल्या एकदाच वापरायच्या व्हेपची विक्री बंद केली ते मला मनापासून पटलं. असे जुने पडले असतील तर घरच्या कचऱ्यात न टाकता बॅटरी घेणाऱ्या ठिकाणी द्या, कचऱ्याच्या गाडीत दाबले गेले की पेट घेतात.

तर या मॉडला मी पाचातले साडेतीन देते. उघडण्याच्या सोयीला पूर्ण, टँकच्या कामाला पूर्ण, डागाच्या कामाला आणि त्या बारीक तारेला काही नाही, ८० वॉटच्या आकड्यासाठी अर्धा कापला. मॅन्युअलमध्ये ५१० पुसत राहा असं एक वाक्य असतं तर हा डाग एवढा सडला नसता, तेही नाही. यूएसबी पोर्ट जरा ढिला आहे, त्याला मी हात लावला नाही, सेल काढून वेगळ्या चार्जरवरच चार्ज करायचा असं भावाला सांगितलंय.

काल तो येऊन गेला तेव्हा मॉड मागून घेतला आणि टँक काढून बघितलं. रेझिस्टन्स १.२८ वर स्थिर, पण पिनच्या भोवती परत ओली कड. टिश्यू पेपर हातात दिला आणि माझ्यासमोर पुसायला लावलं.